दमल्यानंतर काय दिसतं

हवाईतल्या ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा माणसं समुद्रात उतरली आणि आयर्नमॅन नावाचा प्रकार सुरू झाला. त्यामागचं कारण अजिबात आध्यात्मिक नव्हतं. पोहणारे जास्त फिट की धावणारे, की सायकलवाले, हा तिथल्या खेळाडूंमधला कट्ट्यावरचा वाद होता. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी त्यावर तोडगा काढला. बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरं थोडी काटछाट करून एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पार करायची: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन. पंधरापैकी बारा जण शेवटापर्यंत पोचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद लागले. स्पर्धकांना दिलेल्या नियमांच्या पत्रकावर हाताने लिहिलेला मजकूर होता. त्याचा मथितार्थ असा, की एवढं सगळं करा आणि मग जन्मभर बढाया मारत फिरा.

मला हा मजकूर आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. आज या खेळाभोवती जे लिहिलं-बोललं जातं, त्यात बढाईचा उल्लेखही सापडत नाही. आता सगळीकडे श्वास असतो, वर्तमान क्षण असतो, स्वतःचा शोध असतो. फिनिश लाइनवरच्या फोटोखाली मेडलपेक्षा कृतज्ञता मोठी लिहिलेली असते. बढाई संपलेली नाही, तिने फक्त सोवळं नेसलंय.

हे मी बाहेरून बोलत नाहीये. मी अठ्ठावीस वर्षांचा, पुण्यात कोड लिहिणारा माणूस आहे आणि गेलं वर्षभर गोव्यातल्या अर्ध्या अंतराच्या शर्यतीसाठी सराव करतोय. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. २०१९मध्ये ही शर्यत गोव्यात पहिल्यांदा झाली, तेव्हापासून आमच्या आयटी पार्कांमधल्या लिफ्टमध्ये 'सेव्हन्टी पॉइंट थ्री' हा शब्द गृहकर्जाच्या व्याजदराइतक्याच सहजतेने ऐकू येतो. हातात घड्याळ आहे, घड्याळात नाडी आहे, नाडीचा आलेख फोनमध्ये आहे. माइंडफुलनेस आहेच. माझ्या एका आधीच्या कंपनीत त्याचं सत्र झालं होतं. प्रशिक्षकाने दहा मिनिटं डोळे मिटायला लावले, 'काहीही मिळवायचं नाहीये, फक्त असा' असं सांगितलं, आणि डोळे उघडल्यावर समोरच्या स्लाइडवर ध्यानाने उत्पादकता किती वाढते याचा आलेख होता.

तो आलेख माझ्या डोक्यातून गेला नाही. लांब पल्ल्याच्या खेळाला ध्यानाशी जोडणारं लेखन वाचताना मी आता आधी हेच बघतो, की पुढच्या स्लाइडवर काय आहे. हा लेख त्याच बघण्याबद्दल आहे. दोन पुस्तकं आणि मराठीतला एक जुना लेख यांना मी एकच प्रश्न विचारणार आहे. अनेक तास शरीर राबल्यावर 'मी' नावाची गोष्ट थोडी पातळ होते, हे या तिन्ही ठिकाणी आहे. ती पातळ झाल्यावर तिथे लेखकाला काय दिसतं?

आधी सराव म्हणजे काय ते

या खेळाचं बहुतेक लेखन शर्यतीच्या दिवसाबद्दल असतं. शर्यत एक दिवस असते, सराव वर्षभर असतो, आणि ध्यानाचा संबंध असलाच तर तो सरावाशी आहे.

पंचवीस मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे शहात्तर लेंग्थ. चौतीस की पस्तीस हे विसरायला एक विचार पुरतो: 'उद्याच्या डिप्लॉयमेंटचं काय झालं?' लगेच आकडा हरवतो. श्वास मोजताना हरवतो तसाच. सायकलवर दर अर्ध्या-पाऊण तासाने खायचं असतं, भूक लागण्याआधी, कारण भूक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. घामाबरोबर मीठ जातं, ते भरून काढायचं असतं. सायकलवरून उतरून लगेच धावायच्या सरावाला ब्रिक म्हणतात. त्यात पहिला किलोमीटरभर पाय दुसऱ्याचे असल्यासारखे वाटतात, आणि ते वाटणं बघत राहण्यापलीकडे हातात काही नसतं.

मग नाडी. १९८०च्या दशकात फिल मॅफेटोन या प्रशिक्षकाने एक सोपं सूत्र मांडलं: १८०मधून आपलं वय वजा करा, येणाऱ्या आकड्याच्या वर नाडी जाऊ न देता सराव करा. माझा आकडा १५२. तो पाळायचा तर वेताळ टेकडीवर मला चढाला चालावं लागतं, आणि कानटोपी घातलेले, हातात काठी असलेले आजोबा मला मागे टाकून जातात. रोज. आपण हळू आहोत हे सहन करणं हा या सरावातला सगळ्यात अवघड भाग आहे. त्यात शांती-बिंती नसते. खरं तर ती हिशेबाची वही असते: श्वास, घास, मीठ, नाडी, गुडघा, पुन्हा श्वास.

मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवस बसून आलोय. तिथे पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो, मग चौथ्या दिवशी शरीरभरच्या संवेदना. ध्यानही बरंचसं हिशेबासारखंच आहे, हे तिथे कळतं. पण एक मूलभूत फरकही कळतो. तिथली शिकवण अशी, की सुखद संवेदना हवीशी करू नका आणि दुःखद नकोशी करू नका. उलट शर्यतीला तारीख असते, कट-ऑफ असतो, फी भरलेली असते. मला काहीतरी *हवं* असतं, म्हणून मी पहाटे साडेचारला उठतो. ध्यान आणि सराव यांच्यात ही गाठ आहे. ती सोडवता येते की नाही हा वेगळा प्रश्न, पण गाठ नाहीच असं दाखवणाऱ्या पुस्तकावर माझा विश्वास बसत नाही.

अठ्ठावन्न सेकंद

मार्क ॲलन हा या खेळातला सर्वकालीन मोठा खेळाडू. हवाईतल्या कोनाच्या जागतिक स्पर्धेत तो सहा वेळा हरला आणि नंतर सहा वेळा जिंकला. या दोन सहांच्या मधला दिवस म्हणजे १९८९ची शर्यत. आधीच सहा वेळा जिंकलेला डेव्ह स्कॉट आणि ॲलन जवळजवळ आठ तास एकमेकांच्या शेजारी होते. पाण्यात शेजारी, सायकलवर शेजारी, लाव्हाच्या काळ्या खडकांमधल्या तापलेल्या रस्त्यावर खांद्याला खांदा लावून. शेवटच्या काही किलोमीटरांत, एका चढावर ॲलन सुटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला.

ॲलनने ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली आहे. धावण्याच्या मध्यावर तो मनातून हरत चालला होता. तेव्हा त्याला एक चेहरा आठवला, किंवा दिसला. शर्यतीच्या थोडं आधी त्याने मासिकात डॉन होसे मात्सुवा या मेक्सिकोतल्या विचोल जमातीच्या वृद्ध शमनचा फोटो पाहिला होता. तो चेहरा समोर आला आणि डोक्यातली बडबड थांबली. स्कॉटला हरवायचं हा विचार सुटला, आणि मग त्याने स्कॉटला हरवलं. डॉन होसेंचे शिष्य ब्रँट सेकुंडा यांच्याकडे ॲलन पुढे शिकला आणि २००८मध्ये दोघांनी मिळून 'फिट सोल, फिट बॉडी' हे पुस्तक काढलं. त्याच्या उपशीर्षकातच जास्त निरोगी आणि जास्त आनंदी होण्याच्या नऊ किल्ल्या आहेत.

मूळ अनुभवाबद्दल मला शंका नाही. चार-पाच तास हिशेबाची वही लिहिल्यावर अचानक वही मिटते आणि आतून सगळं गप्प होतं, हे माझ्यासारख्या मध्यम माणसालाही दोन-तीनदा झालंय. ॲलनला ते जगातल्या सगळ्यात अवघड जागी झालं. पुस्तकात त्याचं जे होतं, ते मात्र मला पटत नाही. अनुभव किल्ली बनतो, किल्लीला क्रमांक मिळतो, आणि प्रत्येक क्रमांकाकडून वाचकाला काहीतरी मिळायचं असतं. पुढची स्लाइड इथे आहे.

आणि इथे मला इंजिनिअर म्हणून एक साधी अडचण आहे. डेव्ह स्कॉट. त्या दिवशी त्याला कुठल्याही शमनचा चेहरा दिसल्याची कथा नाही. तरीही तो ८ तास १० मिनिटांच्या आसपास पोचला, म्हणजे १९८६च्या त्याच्याच विक्रमापेक्षा अठरा मिनिटांहून जास्त लवकर. तोवर जगात कोणीही या अंतरावर कोनात इतकं वेगवान गेलं नव्हतं, फक्त त्याच्या ५८ सेकंद पुढचा माणूस सोडला तर. दर्शन झालेला आणि न झालेला, दोघेही जवळजवळ एकाच वेळी त्याच अशक्य जागी पोचले. कदाचित त्या आठ तासांचं खरं रहस्य त्या दोघांच्या *मध्ये* होतं, शेजारच्याच्या श्वासाच्या आवाजात. पण असा निष्कर्ष काढला तर पुस्तक विकता येत नाही, कारण शेजारी ही काही किल्ली नव्हे.

दुसरी अडचण मोठी आहे. विचोल लोक स्वतःला विषारिका म्हणवतात. त्यांची विरिकुता या वाळवंटातल्या पवित्र प्रदेशाकडे जाणारी यात्रा पाचशे किलोमीटरहून लांबच्या वाटेवरची आहे. २०२५मध्ये युनेस्कोने त्या वाटेचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ती यात्रा पावसासाठी, मक्यासाठी, पूर्वजांसाठी, सगळ्यांच्या वतीने केली जाते. त्यात वैयक्तिक वेळ सुधारणं हा भाग नाही. अशा परंपरेतून एका खेळाडूला बळ मिळालं, त्यात वाईट काही नाही. पण प्रवासात एक गोष्ट गळून पडली: देणं. तिथे माणूस चालतो कारण तो कोणाचं तरी देणं लागतो. इथे माणूस धावतो कारण त्याला काहीतरी मिळणार आहे. दमणं तेच, पण दिशा उलटी.

मिनीडिस्क लावून धावणारा माणूस

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, २००८मध्ये, हारुकी मुराकामींचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग' फिलिप गेब्रिएल यांच्या अनुवादातून इंग्रजीत आलं. जपानीत ते आधीच्या वर्षी आलं होतं. शीर्षकाचा साचा रेमंड कार्व्हरच्या कथासंग्रहाचा. आपल्याकडे हे पुस्तक धावण्याचं म्हणून वाचलं जातं आणि त्यातलं ट्रायथलॉन लोक विसरतात. पण पुस्तकाची शेवटची प्रकरणं त्याच तयारीची आहेत. शर्यत निइगाता प्रांतातल्या मुराकामी नावाच्याच गावची: दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. आयर्नमॅनपुढे हे अंतर किरकोळ आहे. पण ॲलनच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचायला मला याहून चांगलं पुस्तक सापडलं नाही.

याचं कारण सारोमा सरोवराचं प्रकरण. जून १९९६मध्ये मुराकामी होक्काइदोत शंभर किलोमीटर धावले, ११ तास ४२ मिनिटं. पंचावन्न किलोमीटरनंतर शरीर एकेक करून बंड करायला लागलं. ते स्वतःला बजावत राहिले की मी माणूस नाही, यंत्र आहे. आणि पंच्याहत्तरच्या आसपास काहीतरी झालं. भिंतीतून आरपार जावं तसे ते पलीकडे गेले. त्यानंतर दुखणं होतं, पण ते कोणाचं होतं हा प्रश्न उरला नाही. आपण कोण, हे नावही गौण झालं.

म्हणजे अनुभव तोच, जो ॲलनला कोनात आला. आता पुढची स्लाइड बघा. ॲलनला दर्शनानंतर विजय मिळतो. मुराकामींना त्यानंतर धावावंसंच वाटेनासं होतं. उत्साह आटतो, पुढची काही वर्षं मॅरेथॉनच्या वेळा घसरत जातात, ते ट्रायथलॉनकडे आणि स्क्वॉशकडे वळतात. त्या पोकळीचं काय करायचं हे त्यांना कळत नाही, आणि ते तसं लिहून मोकळे होतात. घसरणीत वयाचा वाटा किती आणि त्या दिवसाचा किती, याचाही ते निकाल लावत नाहीत.

या खेळावरच्या लेखनात हे दुर्मीळ आहे. अनुभवाला फळ लागलंच पाहिजे असा आग्रह इथे नाही. म्हणूनच ध्यान हा शब्द फारसा न वापरता हे पुस्तक ध्यानाच्या जास्त जवळ जातं. इगतपुरीच्या भाषेत सांगायचं तर, आली ती संवेदना पाहिली, गेली तीही पाहिली.

ट्रायथलॉनच्या प्रकरणांतही तेच. शर्यतीच्या सुरुवातीला समुद्रात त्यांचा श्वास लागतो, छाती भरून येते, आणि इतकी वर्षं पोहणाऱ्या माणसाला पोहता येत नाही. ते कारण शोधतात. घाबरून श्वास जलद होतोय हे ओळखतात, शिक्षक शोधून क्रॉल मुळापासून शिकतात. सायकलचा सराव त्यांना कंटाळवाणा वाटतो, हे ते लपवत नाहीत. त्या सायकलवर ब्रायन ॲडम्सच्या गाण्याचं, मरेपर्यंत अठरा वर्षांचं राहण्याबद्दलचं नाव लिहिलेलं आहे, आणि सायकलस्वार पन्नाशी ओलांडलेला. इतरांच्या हातात आयपॉड असताना हा माणूस मिनीडिस्क प्लेअर लावून धावतो. असे बारीकसारीक तपशील या पुस्तकाला उपदेशापासून वाचवतात. वेदना आणि दुःख यांच्यातल्या फरकाचं जे वाक्य बुद्धाच्या किंवा मुराकामींच्या नावाने पोस्टरवर फिरतं, तेसुद्धा पुस्तकात ते दुसऱ्या एका धावपटूकडून मिळाल्याचं सांगतात. उसनं घेतलेलं उसनं म्हणून सांगण्याइतका हा लेखक सरळ आहे.

पण या पुस्तकाचीही एक मर्यादा आहे, आणि चाहते ती बघत नाहीत. मुराकामींच्या वाटेवर दुसरं माणूस जवळजवळ नसतं. हार्वर्डच्या तरुण धावपटू मुली पोनीटेल हलवत पुढे निघून जातात, पत्नी अधूनमधून दिसते, पण पुस्तकाचा सूर एकट्याचा आहे आणि त्यांना तो तसाच हवा आहे. सकाळचे चार तास लेखनाचे, मग एक तास धावण्याचा, रात्री लवकर झोप, असं आयुष्य बांधायला जी मोकळीक लागते, तिचा उल्लेख येतो. पण त्या मोकळिकीचा हिशेब लागत नाही.

माझ्या टीममधली एक मैत्रीण याच शर्यतीची तयारी करतेय. तिच्या सायकलचे निम्म्याहून जास्त किलोमीटर घरात, ट्रेनरवर, भिंतीकडे तोंड करून होतात. पहाटे साडेचारला हायवेवर एकटीने जाणं तिला शक्य नाही. धावायला जाते तेव्हा कानात काही घालत नाही, हातात फोन असतो, आणि मागून येणारी प्रत्येक बाइक ती आवाजावरून ओळखते. श्वासाकडे लक्ष द्या, असं तिला सांगायचं कसं? तिच्याइतकं पूर्ण वर्तमानात असलेलं माणूस मी पाहिलेलं नाही, फक्त तिच्या वर्तमानात श्वासाआधी रस्ता येतो. आत वळलेलं लक्ष परवडायला आधी बाहेरचं जग सुरक्षित असावं लागतं. मुराकामींच्या आणि ॲलनच्या पुस्तकांना हे दिसत नाही.

शेजारच्याची चूल

हे दिसतं ते मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं. आईच्या कपाटात इरावती कर्वे यांच्या लेखांचं पुस्तक होतं, त्यात 'वाटचाल' हा वारीवरचा लेख. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधक. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालतानाचं हे लेखन. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवडे. माझ्या दोन्ही पुस्तकांतल्या अंतरांपेक्षा जास्त, वयाची अट नाही, कट-ऑफ नाही, आणि पोचल्यावर मेडल नाही.

वारी म्हणजे आपली अल्ट्रामॅरेथॉन, असं मला अजिबात म्हणायचं नाही. दरवर्षी आषाढात कोणीतरी तसं म्हणतं आणि दोन्हींचा अपमान करतं. वारकऱ्याला फिटनेस नको असतो आणि ट्रायथलीटला विठ्ठल. मला फक्त लेखन शेजारी ठेवायचंय. इथेही शरीर दिवसभर राबतं, अभंगांच्या ठेक्यावर पावलं पडतात, आणि चालणाऱ्याचं वेगळेपण हळूहळू विरघळतं. इरावतीबाईंनाही ते जाणवतं, त्या आनंदात त्या सहभागी आहेत. आणि नेमक्या त्या विरघळण्यातच त्यांना दिसतं, की एकाच दिंडीत, दिवसभर एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात. चुली वेगळ्या आहेत. त्यांना ते खुपतं. आणि ते खुपणं लिहूनही, पंढरीला जाणारी माणसं ज्या भूमीत राहतात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या सापडल्याचा आनंद त्या सोडत नाहीत. दोन्ही एकाच लेखात, एकमेकांना न खोडता.

पहिल्यांदा वाचताना मी थांबलो. दमल्यावर 'मी' पातळ होतो तेव्हा ॲलनला शक्ती दिसली, मुराकामींना पोकळी दिसली, आणि इरावतीबाईंना शेजारच्याची चूल दिसली. तिन्ही दर्शनं खरी आहेत. पण ध्यान म्हणजे जे आहे ते जसं आहे तसं बघणं असेल, तर तिसरं सगळ्यात पूर्ण आहे. कारण 'मी' खरोखर बाजूला झाल्यावर समोर दुसरी माणसं यायला हवीत. ती येत नसतील तर 'मी' कुठेही गेलेला नाही, फक्त गप्प बसलाय. ॲलनच्या पुस्तकातल्या नऊ किल्ल्या शेवटी वाचकाचंच दार उघडतात. 'वाटचाल'मध्ये दुसऱ्याच्या घराचं दार बंद असल्याचं दिसतं, आणि ते उघडायची किल्ली लेखिकेकडे नाही. हे न लपवल्यामुळे तो लेख आजही टोचतो.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. मानववंशशास्त्रज्ञ निरीक्षण करायलाच गेली होती, तिला इतरांच्या चुली दिसणारच. खेळाडूचं लक्ष एकवटलेलं असतं, त्याने चाळीसाव्या किलोमीटरला समाजशास्त्र करावं ही अपेक्षा चुकीची. धावताना मान्य. पण पुस्तक धावताना लिहिलं जात नाही. टेबलाशी बसल्यावर कित्येक वर्षांमागच्या शर्यतीतलं काय आठवायचं आणि काय गाळायचं, हा खेळाडूचा नव्हे, लेखकाचा निर्णय असतो. टीका त्या निर्णयावर करायची.

आपल्याकडचं लेखन

मराठीत आता या खेळाबद्दल बरंच लिहिलं जाऊ लागलंय. शर्यतीनंतरच्या लांबलचक पोस्टी, दिवाळी अंकांतले अनुभव, शाळांमधली भाषणं. साचा ठरलेला: पोट सुटलं होतं, डॉक्टर ओरडले, पहिल्या दिवशी पाचशे मीटरला धाप लागली, मग शिस्त, मग पहाट, मग समुद्र, मग फिनिश लाइनवर डोळ्यांत पाणी, आणि शेवटी 'शरीर नाही, मन धावतं'. यातला कुठलाच टप्पा खोटा नसतो. माझेही यातले बरेच टप्पे होऊन गेलेत. पण असं लेखन वाचून संपवल्यावर मला लेखकाखेरीज एकही माणूस आठवत नाही.

आणि माणसं तर असतात. पंचवीस मीटरचा तलाव पहाटे पाचला उघडणारा लाइफगार्ड असतो, त्याला साडेचारला यावं लागतं. रविवारी जुन्या हायवेवर आमच्या सायकलींच्या ताफ्यामागे हॉर्न न वाजवता थांबलेला टेम्पोवाला असतो, आणि वाजवणाराही असतो, त्याला माल वेळेत पोचवायचा असतो. शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद होतात, म्हणजे तिथल्या कोणाची तरी सकाळ अडते. तासनतास उन्हात उभे राहणारे पोलिस, पाणी पुढे करणारी कॉलेजची मुलं. माझी सायकल एका चांगल्या बैलजोडीपेक्षा महाग आहे. ज्या गावाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून मी पोहायला शिकलो, तिथे ही किंमत मी अजून मोठ्याने उच्चारलेली नाही. तिथले काका विचारतात, 'एवढं पळून तुला कुठं जायचंय रं?' हा प्रश्न मला नऊ किल्ल्यांपेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर देताना मला कोणाची तरी नजर सहन करावी लागते.

सरावात ध्यान नसतं, असं मी म्हणत नाही. शहात्तर लेंग्थ मोजताना ते असतं. आजोबा मागे टाकून जातात आणि मी १५२च्या खाली राहतो, तेव्हाही ते असतं. पण त्याचं पुस्तक होताना मला यापुढे दोन गोष्टी हव्यात. एक, अनुभवाला फळ लागलं नाही तर तसं सांगण्याची मुराकामींची हिंमत. दोन, घामाने चष्म्याच्या काचा धुरकटल्यावरही शेजारच्याची चूल बघणारी इरावतीबाईंची नजर. गोव्याहून परतल्यावर मीही एक पोस्ट लिहीन, तो मोह मला टळणार नाही. त्यात माझी वेळ असेल, कारण बढाईच मारायची तर १९७८सारखी उघड मारावी. शिवाय पाणी देणाऱ्यांतल्या निदान एकाचं नाव विचारून आलेलो असावं, एवढं मी सरावाच्या वहीत लिहून ठेवलंय.